चौदा नंबरचे स्क्रू

लोकांचं लहानपण एका घरात जातं. हेझल टोवीचं दोन घरांत गेलं, आणि ती दोन्ही घरं इतकी सारखी, की डोळ्यांवर पट्टी बांधून कुठल्याही घरात सोडलं असतं तरी तिनं बरोबर चहाचा डबा काढून दाखवला असता. आता तिनं ऐंशी ओलांडलीय. नातवंडं विचारतात, "आजी, तुझं घर कुठलं गं?" ती म्हणते, "चौदा नंबर." आणि मग स्वतःशीच हसत म्हणते, "वरचं चौदा की खालचं चौदा, ते मात्र विचारू नका." असं म्हटल्यावर कोण विचारणार नाही? मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि खरं तर तिला सांगायचंच असतं.

दुसरी मोठी लढाई संपली तेव्हा इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये बॉम्बनं गल्लीच्या गल्ल्या भुईसपाट झालेल्या होत्या. माणसं कुठे कुठे राहत होती ते विचारू नका. टोवींचं अख्खं कुटुंब आत्याच्या बैठकीच्या खोलीत पडदा लावून राहत होतं. मग शहराबाहेरच्या टेकडीच्या उतारावर एक दिवस लॉरीमागून लॉरी आली. प्रत्येक लॉरीवर पाव घर. चार तुकडे उतरवले, जोडले, नटबोल्ट आवळले, की झालं घर. विमानं बनवणाऱ्या कारखान्यांना आता विमानांचं काम नव्हतं, म्हणून त्यांनी घरं बनवायला घेतली होती. भिंती अल्युमिनियमच्या, छत अल्युमिनियमचं. गारा पडल्या की आत बसून एकमेकांशी ओरडून बोलावं लागायचं. दहा वर्षं टिकतील, तोवर खरी घरं बांधू, असं सरकारनं सांगितलं होतं.

टेकडीपलीकडच्या विटांच्या चाळीतली माणसं या घरांना 'डबे' म्हणायची. "डब्यातली माणसं आली बघा," असं बसथांब्यावर मुद्दाम ऐकू जाईल असं बोलायची. म्हणोत बापडी! त्यांच्या विटांच्या घरांत संडास परसात होता आणि अंघोळीचा पत्र्याचा टब भिंतीवर खिळ्याला टांगलेला असायचा. डब्यात नळाला गरम पाणी होतं, आत स्वच्छ न्हाणीघर होतं, भिंतीतच बसवलेली कपाटं होती, आणि स्वयंपाकघरात फ्रीज होता. फ्रीज! त्या काळी मोठमोठ्या डॉक्टरांकडेही नसायचा. उन्हाळ्यात हीच विटांच्या चाळीतली पोरं हातात कप घेऊन टोवींच्या मागच्या दाराशी उभी राहायची, कारण हेझलची आई, आयरिस, संत्र्याच्या सरबताचा बर्फ करायची. हेझल चिडायची. "आई, हीच पोरं आपल्याला डबेवाले म्हणतात!" आयरिस म्हणायची, "म्हणू देत की. बर्फ तर डब्यातच होतो ना?" आणि प्रत्येकाच्या कपात एकेक खडा टाकायची.

टोवींचं घर चौदा नंबरचं, उताराच्या अगदी तळाला, रांगेतलं शेवटचं. मागे रेल्वेचा उंच बांध. त्यामुळे घराला ऊन म्हणजे क्वचित येणारा पाहुणा. हिवाळ्यात भिंतींना आतून घाम फुटायचा, आणि मुलांच्या खोलीत पलंगामागे एक काळा डाग धरला होता. आयरिस दर शनिवारी तो सोडा लावून घासायची आणि तो दर बुधवारी परत यायचा. पण कुणी कुरकुर करत नव्हतं. आत्याच्या घरातल्या पडद्यामागून आलेल्या माणसांना स्वतःचं दार होतं, हेच कौतुक होतं.

आणि मग आयरिसला खोकला लागला. आधी सगळ्यांना वाटलं, थंडीचा आहे. पण तो उन्हाळ्यातही गेला नाही. छातीचे फोटो काढले, डॉक्टरनं क्षय सांगितला, आणि आठवड्याच्या आत तिला गावाबाहेरच्या टेकड्यांतल्या सॅनेटोरियममध्ये नेलं. जाताना तिनं हेझलला जवळही घेतलं नाही. दारातूनच म्हणाली, "डेनिसचा हात सोडायचा नाही. कळलं?" हेझल तेव्हा नऊ वर्षांची होती, डेनिस पाच वर्षांचा.

बाप, रेग टोवी, पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला होता. भला माणूस, पण घरकामात ठार अडाणी. अंडं उकडायचं म्हटलं तरी भांडं जाळायचा. पहिल्याच सकाळी त्यानं मोज्यांबरोबर लाल टॉवेल उकळला आणि सगळे मोजे गुलाबी करून ठेवले. ते दोरीवर वाळत घातलेले पाहून तीन नंबरची डॉली बेसली कमरेवर हात ठेवून उतार उतरून आली.

डॉली म्हणजे त्या वस्तीतला तोफखाना. उंच, धिप्पाड, तोंडात सदा सिगारेट, आणि बोलणं असं की कोळसेवालाही दबून असायचा. लढाईत तिचा नवरा अर्नी बोटीबरोबर बुडाला होता. ज्या सासूला घेऊन ती इथे राहायला आली ती पहिल्याच वर्षी गेली. त्यामुळे वस्तीच्या वरच्या फाटकाजवळच्या तीन नंबरमध्ये ती एकटीच राहायची. दिवसभर ऊन खाणारं घर ते. दारापाशी एक गुलाब होता. जुनं घर बॉम्बनं पडलं तेव्हा विटांच्या ढिगातून तिनं हातांनी उकरून काढलेला, अर्नीनं लावलेला.

"रेग," ती म्हणाली, "तुला पाव भाजता येतो ना? मग तेवढंच कर. बाकीचं आम्ही बघतो."

आणि खरंच बघितलं. डॉलीनं आणि शेजारच्या तेरा नंबरच्या व्हाय गॅलपनं वस्तीतल्या बायकांच्या पाळ्या लावल्या. कुणी धुणं, कुणी रात्रीचं जेवण, कुणी डेनिसची अंघोळ. आणि त्या घरांची गंमत ही, की कुठल्याही बाईला काही विचारावं लागत नसे. सगळ्यांच्या घरात चमचे त्याच खणात, चादरी त्याच कपाटात, कोळशाचं फावडं त्याच कोपऱ्यात. परक्या घरात शिरल्यासारखं कुणाला वाटायचंच नाही. मुलांना त्या सगळ्या 'मावशी'. त्या वस्तीत शेजारणीला नुसत्या नावानं कोण हाक मारणार? रेग बापडा आपल्या परीनं आभार मानायचा. पहाटे घरी येताना तो गरम पाव घेऊन यायचा आणि त्या त्या दिवशीच्या पाळीवालीच्या दाराच्या मुठीला पिशवी अडकवून जायचा.

असं सगळं मार्गी लागलंय म्हणेपर्यंत कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं, बोलावणं आलं. रेग जाऊन आला आणि स्वयंपाकघरात डॉलीपुढे मटकन बसला. त्या घरांना खोल्यांमध्ये भिंती नव्हत्या, नुसती कपाटं. पलीकडे पलंगावर पडलेल्या हेझलला शब्द न शब्द ऐकू आला.

"म्हणाले, आई क्षयानं आजारी, बाप रात्री बाहेर, मुलं एकटी. चालणार नाही. घरात नात्याची बाई हवी, मुलांना कोरडी खोली हवी. एक बाई बघायला येईल. कधी येईल ते सांगणार नाही."

"आणि बघून पसंत नाही पडलं तर?"

"तर आश्रम. आईला बरं वाटेपर्यंत. मुलांचा वेगळा, मुलींचा वेगळा. मुलींचा तर पार बाथ गावाच्या पलीकडे आहे, डॉली."

"मग माझ्याकडे ठेव ना पोरं! मी काय मेलेय?"

"विचारलं मी. बहिणीकडे आता जागाच नाही, आणि परक्याकडे ठेवायची तर तुझी चौकशी, मग मंजुरी, आणि ती येईपर्यंत पोरं आश्रमातच."

पलीकडे डॉलीनं काडी ओढून नवी सिगारेट पेटवली. हेझलनं शेजारी झोपलेल्या डेनिसचा हात धरला. रात्रभर तिनं तो सोडला नाही. सकाळी तिच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या.

ती बाई आली फेब्रुवारीत, अगदी नको त्या दिवशी. आदल्या रात्री कडाक्याची थंडी पडली होती आणि चौदा नंबरमध्ये मुलांच्या खोलीतल्या गाद्या ओलसर झाल्या होत्या. व्हायनं त्या उचलून बैठकीत शेकोटीपुढे खुर्च्यांवर टाकल्या होत्या. घरभर वाफ, ओल्या लोकरीचा वास, आणि पलंगामागचा डाग आता खिडकीपर्यंत पोचलेला. हेझल डेनिसला घेऊन शाळेतून येत होती. वरच्या फाटकाशी बसमधून एक बाई उतरली. तपकिरी कोट, तपकिरी टोपी, हातात चामड्याची बॅग. तिनं कंडक्टरला विचारलं, "ती अल्युमिनियमची घरं हीच ना? चौदा नंबर कुठे येईल?"

 कंडक्टर हात हलवत काहीतरी सांगत होता तेवढ्यात हेझलनं डेनिसला ओढलं, कुंपणाच्या फटीतून घुसली आणि डॉलीच्या मागच्या दारातून आत शिरली.

"मावशी! आली! ती आली!"

डॉली कणीक मळत होती. तिनं काही विचारलं नाही. हात एप्रनला पुसले, खणातून पेचकस काढला आणि म्हणाली, "हेझल, खाली पळ. व्हायला सांग, दारावरचा नंबर उचकट आणि दे. आणि तुझ्या बापाला उठव. मागच्या वाटेनं इथे आण. पळ!"

"पण मावशी, नंबर कशाला—"

"पळ गं, भवाने!"

हेझल पळाली. आयुष्यात पुन्हा कधी ती तशी पळाली नसेल. व्हायनं लोण्याच्या सुरीनंच नंबर काढून हातात दिला. एक आणि चार, जाड पितळेचे आकडे एका पट्टीवर. तो घेऊन ती छाती फुटेस्तोवर चढ चढली, तर डॉलीनं तीन नंबर काढून एप्रनच्या खिशात टाकलाही होता. लढाईची सगळी वर्षं डॉलीनं कारखान्यात विमानांचे पंख जोडले होते. दोन स्क्रू म्हणजे तिला काय! सिगारेट तोंडातच होती, राखही पडली नाही, आणि चौदा नंबर दारावर चढला.

वळणावर तपकिरी टोपी दिसली. कंडक्टरनं आधी भलतीच वाट दाखवली होती आणि चिखलात टाचा रुतत होत्या, म्हणून बाईंना पोचायला इतका वेळ लागला, हीच काय ती देवाची कृपा. त्या दारापाशी आल्या, थांबल्या, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"एक, दोन... चौदा, चार?"

डॉली दारात उभी होती, हाताला कणीक लागलेली. "काय सांगायचं बाई तुम्हाला! कौन्सिलच्या माणसांनी लावलेत. त्यांना मोजायला कुणी शिकवलं, देव जाणे."

बाई कौन्सिलच्याच. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "मी मिस हॅलेट. मुलांच्या खात्यातून आले. आपण?"

"मी यांची मावशी. इथेच असते."

मिस हॅलेट खाली वाकल्या. "हो का रे बाळ? या तुझ्या मावशी?"

"हो," डेनिस म्हणाला. "आणि व्हाय मावशी पण. आणि पेग मावशी. आणि त्या मिशावाल्या मावशी."

"केवढं मोठं कुटुंब," मिस हॅलेट म्हणाल्या.

"यांच्या आजोबांना दुसरा उद्योग नव्हता," डॉली म्हणाली आणि त्यांना आत घेतलं.

आतमध्ये सगळं कोरडं, लखलखीत, आणि शेकोटीपाशी ऊन पसरलेलं. हेझलचा जीव मात्र डेनिसमध्ये अडकला होता. हे पाच वर्षांचं ध्यान आत्ता म्हणेल, हे आमचं घर नाही! मिस हॅलेटनी विचारलंच, "तुझी खोली दाखवतोस?" डेनिस टणाटण उड्या मारत डावीकडच्या दारात गेला. का नाही जाणार? त्याच्या घरात त्याची खोली डावीकडेच होती. "मला दूध हवंय," म्हणाला, आणि फ्रीज उघडून दुधाची बाटली काढली, बरोबर कपाटातून कप घेतला, बरोबर खणातून चमचा. त्याला बापड्याला काहीच नाटक करावं लागलं नाही. मिस हॅलेट मान हलवत होत्या. हेझलला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं आणि हसावंसंही.

इतक्यात मागच्या दारातून रेग आला. पायजमा, बनियन, डोळे अर्धे मिटलेले. व्हायनं त्याला नुसतं "चल" म्हणून गदागदा हलवून आणलं होतं, काही सांगायला वेळच मिळाला नव्हता. तो झोपेतच आत आला, वळला, हात लांब करून शेल्फावरून आपला कप घेतला, म्हणजे डॉलीचा कप, किटली उचलली, खुर्ची ओढली आणि बसला. आपण कुणाच्या घरात बसलोय याचा त्याला पत्ता नव्हता. मिस हॅलेटना तो अगदी घरातला धनी दिसत होता. मग त्यानं चहाचा घोट घेतला, डोळे वर केले आणि शेकोटीवरचा फोटो पाहिला.

"अरे," तो म्हणाला, "हा अर्नी इथे काय—"

डॉलीनं टेबलाखालून त्याच्या पायावर असा पाय दिला, की तो पुढचं सगळं गिळून टाकून "हॅऽऽ" असं म्हणाला.

"माझे यजमान," डॉली मिस हॅलेटना म्हणाली. "लढाईत गेले. रेगला अजून त्यांचा फोटो बघितला की भरून येतं."

रेगच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. पाय चांगलाच चेचला होता.

मिस हॅलेटनी डॉलीचा आणि तिच्या गेलेल्या सासूचा असे दोन्ही पलंग बघितले, गादीवर हात फिरवून बघितला, भिंतीला बोट लावून बघितलं. मग बॅग बंद करून म्हणाल्या, "माझी काही हरकत नाही. घर छान कोरडं आहे. मुलं इथेच राहू देत." दारापर्यंत गेल्या आणि मागे वळल्या. "मी अधूनमधून येत जाईन. न सांगता. नियमच आहे तसा."

त्या वळणाआड गेल्या. मग व्हायला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. हेझल डॉलीच्या कमरेला मिठी मारून तिच्या कणकेच्या एप्रनमध्ये तोंड खुपसून उभी राहिली. डॉली म्हणाली, "बास, बास. आता नंबर परत लावून टाकू," आणि खिशात हात घातला. मग तिचा हात तिथेच थांबला.

"न सांगता येणार म्हणाली ना ती?"

तर असा तो नंबर तिथेच राहिला. तीन नंबर खाली बांधाजवळच्या घरावर चढला आणि चौदा नंबर वर. पोस्टमन आठवडाभर करवादला, कोळसेवाल्यानं दोनदा चुकीच्या शेडमध्ये कोळसा ओतला, मग दोघांनाही सवय झाली. भाडंवाला आकडा बघायचा, माणूस बघायचा नाही. मुलं वरच्या घरात राहायला आली. रात्री रेग कामाला गेला की डॉली मुलांजवळ झोपायला यायची, सकाळी तो आला की ती खाली जायची. विटांच्या चाळीतल्या एका बाईनं दुकानाच्या रांगेत यावर काहीतरी खोचक म्हटलं. "एक आत, एक बाहेर, बरं जमवलंय हो." डॉली म्हणाली, "हो ना! तुझं नि तुझ्या नवऱ्याचं तरी असं जमायला हवं होतं, वाचला असता बिचारा." 

मिस हॅलेट आणखी तीनचारदा आल्या. दर वेळी सगळं जिथल्या तिथे. आणि दर वेळी डॉलीची एखादी वस्तू कमी झालेली. आधी शिवणयंत्र खाली गेलं, मग तिचा मोठा पलंग, मग एक दिवस अर्नीचा फोटोही. "तिकडे एकटीला करमत नाही," ती म्हणाली, "कुणीतरी भांडायला हवं." गुलाब तेवढा राहिला. रोज संध्याकाळी ती चढ चढून यायची, त्याची सुकलेली फुलं काढायची, त्याला दोन शिव्या घालायची आणि जायची. दुसऱ्या हिवाळ्यात चढताना ती मध्येच थांबून गुडघे चोळायला लागली. हेझलनं विचारलं तर म्हणाली, "म्हातारी झाले, दुसरं काय." ती तेव्हा चाळिशीचीही नव्हती.

दर महिन्याला रविवारी रेग मुलांना सॅनेटोरियमला न्यायचा. मुलांना आत सोडत नसत. ती हिरवळीवर उभी राहायची आणि वरच्या गॅलरीत पलंगावरून आयरिस हात हलवायची. डेनिस ओरडून सगळं सांगायचा: दात पडला, मांजर व्याली, डॉली मावशी शिट्टी वाजवायला शिकवते. घर बदलल्याचं रेगनं तिला पत्रातून कळवलं होतं. "थोड्या दिवसांसाठी," असं लिहिलं होतं.

थोड्या दिवसांचं सव्वा वर्ष झालं. नवीन औषध निघालं होतं, सुया होत्या, आणि आयरिसचं नशीब म्हणा, तिला ते लागू पडलं. मे महिन्यात ती घरी आली. सगळी वस्ती फाटकाशी जमली होती. व्हायनं साखरेचं रेशन साठवून केक केला होता. आयरिस बसमधून उतरली. कोट अंगावर लोंबत होता, पण गाल लाल होते. तिनं आधी डेनिसला उचलायचा प्रयत्न केला, तो आता उचलवेना. मग हेझलला जवळ घेतलं आणि सोडलंच नाही. हेझलला आजही आईचा तो वास आठवतो, कार्बोलिक साबणाचा आणि खाली कुठेतरी आईचा.

मग आयरिस सवयीनं उताराकडे चालायला लागली.

"आई, तिकडे नाही!" डेनिसनं तिचा हात ओढला. "आपलं घर इकडे."

ती आत आली. उभी राहिली. तेच टेबल, तेच शेल्फ. तिनं न बघता खण ओढला, चमचे तिथेच. फक्त खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि फरशीवरून थेट तिच्या पायांपर्यंत पोचलं होतं. ती मुलांच्या खोलीत गेली आणि पलंगामागच्या भिंतीवर हात ठेवून बघितला. तळहात कोरडाच राहिला. बाहेर येऊन ती खुर्चीवर बसली. डॉली दाराला टेकून सिगारेट ओढत होती.

"डॉली," आयरिस म्हणाली, "तुझे उपकार कसे फेडू मी?"

"केक खाऊन. व्हायनं केलाय, म्हणजे खाणाऱ्याचेच उपकार."

"चेष्टा नको गं. आता आम्ही कधी जायचं खाली? तुला तुझं घर परत हवं ना. सव्वा वर्ष त्या ओलीत काढलंस."

डॉलीनं बाहेर धूर सोडला. "मी तेच सांगणार होते. नंबरचा घोटाळा झालाय. ते स्क्रू पार गंजलेत. हलतच नाहीत. मी पुष्कळ खटपट केली."

"गंजलेत?"

"पक्के. आणि आता परत पोस्टमनला कोण शिकवणार? तो बिचारा परत वेडा व्हायचा. त्यापेक्षा चौदा नंबर तुझा तो तुझाच. तू इथे राहा. मला खाली बरं पडतं. गाड्या जातात, सोबत असते."

"आणि गुलाब?"

डॉलीनं गुलाबाकडे बघितलंच नाही. "त्याला ऊन लागतं. खाली नेला तर मरेल. राहू दे इथेच. मी येत जाईन शिव्या द्यायला."

रेगनं कप खाली ठेवला. "पण डॉली, पितळेचे स्क्रू कुठे गंज—"

"रेग," आयरिस म्हणाली, "चहा पी."

रेग चहा प्यायला. आयरिस उठली. खणातून लोण्याची सुरी काढली आणि पुढच्या दारापाशी गेली. हेझल तिच्या मागे गेली, कारण त्या दिवशी ती आईला एक क्षणही सोडणार नव्हती. आयरिसनं सुरीचं टोक स्क्रूच्या खाचेत ठेवलं आणि हळूच फिरवलं. स्क्रू फिरला. अगदी सहज, जणू कालच कुणी तेल दिलं होतं. आयरिस तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मग तिनं सुरी उलट बाजूला फिरवली, घट्ट, अजून घट्ट, आपल्या अशक्त मनगटात होता नव्हता तेवढा जोर लावून, आणि दुसरा स्क्रूही तसाच आवळला.

ती आत आली, सुरी खणात ठेवली आणि डॉलीसमोर उभी राहिली.

"खरंच गं डॉली," ती म्हणाली. "मुळीच हलत नाहीत."